क्लिनिकची ‘नो कॉस्ट ईएमआय’ ऑफर : तातडीच्या नसलेल्या ऑपरेशनसाठी कर्जावर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातला २७ वर्षांचा तरुण, बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, पगार महिना २४,००० रुपये. केस विरळ झालेत, घरात लग्नाची बोलणी सुरू आहेत. बेळगावात शाखा असलेल्या एका क्लिनिकने हेअर ट्रान्सप्लांटचं १,२०,००० रुपयांचं पॅकेज सांगितलं आहे : बारा महिने, १०,००० रुपयांचा बिनव्याजी हप्ता, प्रोसेसिंग फी २,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. रविवारपर्यंत ५,००० रुपये टोकन भरलं तर पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला भाग डोक्यात टोचण्याच्या) चार बैठका फुकट. माघार घेतली तर टोकन परत नाही. रोख भरणाऱ्याला तेच पॅकेज १,०५,००० ला. घ्यावं का?

रविवारपर्यंत तर नकोच. ट्रान्सप्लांट करावं की नाही हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर खाली येतो. पण ही ऑफर ज्या पद्धतीने मांडली आहे, त्यात आधी पैशाचा निर्णय होतो आणि मग डॉक्टर तुम्हाला तपासतो. तातडीच्या नसलेल्या कुठल्याही शस्त्रक्रियेत, मग ती केसांची असो, चष्मा घालवण्याची, दाताच्या इम्प्लांटची, चरबी काढण्याची किंवा गुडघा बदलण्याची, हा क्रम उलटा झाला की बाकीच्या चुका आपोआप मागून येतात.

सगळ्यात आधी हे नीट समजून घ्या की हप्त्यावर ऑपरेशन घेताना तुम्ही एक नाही, दोन करार करता. एक क्लिनिकशी, ऑपरेशनचा. दुसरा कर्ज देणाऱ्या बँकेशी किंवा एनबीएफसीशी, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपनीशी. समोर बसलेली कौन्सिलर ताई क्लिनिकची असते, पण तुमच्या मोबाईलवर जे ओटीपी येतात, आधारची पडताळणी होते, सेल्फी काढला जातो, खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी म्हणजे ई-मँडेट दिलं जातं, ते सगळं कर्ज कंपनीसाठी असतं. मंजुरी मिळाली की पैसे तुमच्या खात्यात न येता थेट क्लिनिकच्या खात्यात जातात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ठरावीक कामासाठीच्या कर्जाला हे चालतं, त्यामुळे तेवढ्यावरून फसवणूक म्हणता येणार नाही. पण परिणाम बघा. ऑपरेशन व्हायच्या आधीच क्लिनिकला पूर्ण रक्कम मिळाली, आणि तुमच्या हातात राहिला फक्त हप्ता. ऑपरेशन पुढे ढकललं, रक्ततपासणीत काही निघालं, क्लिनिकची शाखाच बंद झाली, तरी हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जाणारच. ‘क्लिनिकने काम केलं नाही’ हे उत्तर कर्ज कंपनीपुढे चालत नाही, कारण तिचा करार कामाशी नाही, परतफेडीशी आहे.

आता ‘बिनव्याजी’चा हिशोब. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट प्रत्यक्षात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना स्पष्ट बजावलं होतं. व्याज असतंच, फक्त ते कुठेतरी लपवलेलं असतं. क्लिनिक कर्ज कंपनीला ते आपल्या वाट्यातून देतं आणि पॅकेजच्या किमतीत आधीच धरतं. तुमच्या ऑफरमध्ये ते उघडं दिसतंय : रोख भरणाऱ्याला १,०५,०००, हप्तेवाल्याला १,२०,०००. म्हणजे तुम्ही १,०५,००० ची वस्तू उधार घेऊन बारा महिन्यांत १,२०,००० फेडता. वरवर पाहता १५,००० म्हणजे चौदा टक्के वाटतात. पण मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, वर्षभर सगळे पैसे तुमच्याकडे राहत नाहीत, त्यामुळे खरा दर साधारण २५ टक्के पडतो. त्यात प्रोसेसिंग फी २,००० आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून २,३६० रुपये सुरुवातीलाच गेले, की तो ३० टक्क्यांच्या आसपास पोचतो. पहिला हप्ता कर्ज मंजूर होतानाच भरून घेतला, ज्याला ॲडव्हान्स ईएमआय म्हणतात, तर दर आणखी वर जातो.

‘फ्लॅट रेट’चंही तसंच, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज. एक लाखावर दोन वर्षांसाठी ‘फक्त १२ टक्के फ्लॅट’ म्हणजे व्याज २४,००० आणि हप्ता ५,१६७. घटत्या शिलकीवर तोच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. गावच्या पतसंस्थेत कुठल्या दराने कर्ज मिळतं ते शेजारी लिहून बघा, म्हणजे ‘बिनव्याजी’ किती महाग आहे ते लगेच कळेल. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर व्याजावर वेगळा जीएसटीही लागतो.

हे गणित तुम्ही स्वतः करत बसण्याची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा एक तक्ता कर्जदाराला द्यावाच लागतो. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती, एकूण किती फेडायचे, हप्ता चुकला तर दंड किती, तक्रार कुणाकडे करायची, हे सगळं असतं. त्या तक्त्यात नसलेला कुठलाही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आपल्या भागासाठी यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे हा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवा आणि त्याला समजावून सांगायला हवा. सीमाभागात कागद येतात ते इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, आणि आपला माणूस ‘सगळ्यांचं सेमच असतंय’ म्हटलं की सही करून मोकळा होतो. मराठीत मागा. मागायला कमीपणा कसला?

तक्ता हातात आल्यावर अटी मान्य करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. ‘आज रात्री बारापर्यंत’ हा क्लिनिकचा नियम असेल, कर्जाचा नाही. मोबाईलवरून होणाऱ्या कर्जात घेतल्यानंतरही माघार घ्यायला थोडी मुदत असते. ती कंपनीप्रमाणे बदलते, पण एक दिवसाहून कमी असू शकत नाही. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज परत केलं तर दंड नाही, फार तर वाजवी प्रोसेसिंग फी कापली जाते. मात्र पैसे क्लिनिककडे गेलेले असतात, तुमच्याकडे नसतात. ते क्लिनिककडून वेळेत परत आले नाहीत तर माघारीचा हक्क नुसता कागदावर राहतो. म्हणून कर्ज मंजूर झालं तरी रक्कम ऑपरेशनच्या दिवसाआधी क्लिनिकला सोडायची नाही, हे दोघांकडूनही लेखी घ्या. एवढी एक अट मान्य करून घेता आली तर निम्मी जोखीम संपते. जे क्लिनिक ती अट मान्य करत नाही, त्याला तुमच्या डोक्यापेक्षा महिनाअखेरचं टार्गेट गाठायची घाई आहे असं समजा.

एक सवय कटाक्षाने टाळा : ‘नुसतं बघूया, बसतंय का’ म्हणून मोबाईल कौन्सिलरच्या हातात देणं. त्या ‘बघण्यात’ पॅन आणि ओटीपी गेला की सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या इतिहासात, कर्जाची चौकशी नोंदली जाते, आणि दोन-तीन कंपन्यांकडे एकदम अर्ज टाकला तर तितक्या नोंदी. पगार कमी पडतो म्हणून वडिलांना किंवा थोरल्या भावाला सह-अर्जदार करतात. मग हप्ता तुमचा चुकतो आणि पुढच्या हंगामात पीककर्जासाठी गेल्यावर सिबिल त्यांचं खराब निघतं. खात्यात पैसे नसताना मँडेट परत गेलं तर बँक एक आकार घेते, कर्ज कंपनी दुसरा. चेकसारखंच हेही प्रकरण फौजदारी होऊ शकतं, त्याची तरतूद २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यात आहे. २४,००० पगारात १०,००० चा हप्ता म्हणजे पगारातला चाळीस टक्क्यांहून मोठा वाटा. त्यात लग्न तोंडावर. हप्त्याला हात आखडला की लोक आईचे दागिने सोसायटीत ठेवून हे कर्ज फेडतात. केसांसाठी सोनं गहाण पडणं कुठल्याच घराला परवडणारं नाही.

आता पॅकेजमध्ये काय आहे ते बघू. गोम इथेच असते, आणि ती प्रत्येक शस्त्रक्रियेत वेगळी.

हेअर ट्रान्सप्लांटमध्ये पहिला घोळ ‘केस’ आणि ‘ग्राफ्ट’ या शब्दांत असतो. ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढलेला केसांचा पुंजका, त्यात एक ते चार केस असतात, सरासरी दोनच्या आसपास. ‘५,००० केस’ म्हणजे अडीच हजार ग्राफ्ट. भाव ग्राफ्टवर असेल तर संख्या लेखी हवी आणि ऑपरेशननंतर मोजणीची नोंदही. ‘अनलिमिटेड ग्राफ्ट’ ही ऑफर ऐकली की तिथून उठा. डोक्याच्या मागच्या भागातून जे केस काढतात तो साठा जन्माला एकदाच मिळतो, काढलेला केस तिथे पुन्हा येत नाही. जास्त काढले तर मागची बाजू विरळ दिसते आणि पुढे टक्कल वाढल्यावर झाकायला काही उरत नाही. २७ व्या वर्षी केसगळती बहुधा थांबलेली नसते. आज पुढची रेघ भरली आणि पाच वर्षांनी तिच्यामागचे मूळचे केस गेले, तर पुढे एक पट्टा आणि मागे मोकळं रान, असं दिसतं. म्हणूनच या वयात आधी त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सहा महिने ते वर्षभर औषधांनी गळती कितपत थांबते ते पाहणं शहाणपणाचं. ऑफरमध्ये हा टप्पा नसतो, कारण त्यावर हप्ता बसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, नवे तीन-चार महिन्यांनी फुटू लागतात, आणि खरा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी दिसतो. म्हणजे निकाल चांगला की वाईट हे कळेपर्यंत तुमचे बहुतेक हप्ते भरून झालेले असतात. लग्न चार महिन्यांवर असेल तर त्या दिवशी फोटोत फरक दिसणारच नाही, आणि हे तुम्हाला टोकन घेण्याआधी सांगायला हवं होतं.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. सहा ते आठ तास चालणाऱ्या या कामात डोक्याच्या त्वचेत बधिर करणारं औषध वारंवार टोचतात. ॲड्रेनलिन मिसळलेल्या लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची मर्यादा वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांचं औषध २१ मिली. ‘एका बैठकीत सगळं’ या हट्टापायी ही मर्यादा ओलांडली तर ओठ बधिर होणं, कानात आवाज, मग झटके आणि हृदयाचे ठोके बिघडणं, इथवर जाऊ शकतं. म्हणून खोलीत ऑक्सिजन, डीफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयाचे ठोके सुरळीत करणारं यंत्र) आणि अशा विषबाधेवर देतात ते २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन आहे का, हे विचारा. ग्राफ्ट काढणार कोण, छिद्रं पाडणार कोण, डॉक्टर किती वेळ हजर असणार, हेही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे की हे काम कार्यशाळा करून किंवा व्हिडिओ बघून शिकण्याचं नाही. त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच ते करायचं, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ. ‘ट्रायकॉलॉजिस्ट’, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ या पाट्यांवरून शस्त्रक्रियेचं शिक्षण झालंय असं समजू नका. नाव आणि नोंदणी क्रमांक घेऊन वैद्यक परिषदेच्या यादीत बघा. बेळगावला काम करणाऱ्या डॉक्टरची नोंद कर्नाटकात, कोल्हापूर-मिरज-पुण्याला करणाऱ्याची महाराष्ट्रात.

चौथी गोष्ट जीएसटी. आजारावरच्या उपचारांना जीएसटी माफ आहे, पण हेअर ट्रान्सप्लांट आणि निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांना ती माफी नाही. जन्मजात व्यंग, अपघात, भाजणं यांमुळे बिघडलेलं दुरुस्त करायचं असेल तर माफी मिळते. १,२०,००० वर १८ टक्के म्हणजे २१,६००. पॅकेज करासहित की कर वेगळा? लेखी विचारा, आणि जीएसटी क्रमांक असलेली पक्की पावती मागा. आरोग्यविम्यातून यातलं काही मिळत नाही, सौंदर्यशस्त्रक्रिया पॉलिसीत सरसकट वगळलेली असते.

‘फुकट’ पीआरपीचं काय? आपलंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग टोचणं, एवढंच ते. ते तुम्हाला लागेल की नाही हे तपासणीनंतर ठरायला हवं. टोकन भरण्याच्या तारखेवरून उपचार ठरत असेल तर तो उपचार नाही.

बाकीच्या शस्त्रक्रियांबद्दल थोडक्यात, कारण एकाच घरात एकाला केसांची ऑफर येते तर दुसऱ्याला डोळ्यांची.

लॅसिकच्या, म्हणजे चष्मा घालवण्याच्या लेझर ऑपरेशनच्या, जाहिरातीतला ‘पासून सुरू’ हा भाव बहुतेक वेळा एका डोळ्याचा आणि सगळ्यात जुन्या तंत्राचा असतो. तपासणीला गेलात की दुप्पट-तिप्पट भावाच्या तंत्रावर नेतात. ‘आज तपासणी, आजच ऑपरेशन, आजच सवलत’ हे लॅसिकला बसतच नाही. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याने त्या एक-दोन आठवडे, हार्ड लेन्स त्याहून जास्त दिवस काढून ठेवल्याशिवाय बुबुळाचा नकाशा खरा येत नाही. नंबर वर्षभर स्थिर हवा, वय १८ च्या वर हवं, बुबुळाची जाडी पुरेशी हवी. नकाशात केराटोकोनसची (बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याच्या आजाराची) शंका आली तर लॅसिक करायचं नसतं, सवलत कितीही असो. नंबर साडेसातपेक्षा कमी असेल तर विमाही पैसे देत नाही.

दाताच्या इम्प्लांटमध्ये जाहिरातीतला आकडा पुष्कळदा हाडात बसवायच्या स्क्रूचाच असतो. वरचा जोड आणि कॅप वेगळी, हाड कमी असेल तर बोन ग्राफ्ट वेगळा, थ्रीडी स्कॅन वेगळा. हाडात स्क्रू पक्का व्हायला तीन ते सहा महिने लागतात, तोवर कर्जाचे निम्मे हप्ते गेलेले असतात. तिन्ही भागांची एकत्र किंमत आणि इम्प्लांटचं स्टिकर असलेलं कार्ड मागा.

चरबी काढण्याच्या आणि पोट आवळण्याच्या ऑपरेशनांत ‘दोन भागांवर तिसरा फुकट’ ही ऑफर सगळ्यांत घातक. ऑपरेशन जितका वेळ चालेल तितका पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा आणि ती फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. एका वेळी पाच लिटरहून जास्त काढायचं असेल तर रात्रभर रुग्णालयात देखरेख हवी, डे-केअरच्या खोलीत ते होत नाही. तंबाखू, विडी-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद हवी, नाहीतर जखम सडू शकते. चार दिवसांत संपणाऱ्या सवलतीत हे चार आठवडे कुठून बसवणार?

मोतीबिंदू, गुडघा, हर्निया, पित्ताशय यांचं गणित वेगळं आहे, कारण इथे हप्ता काढण्याआधी सरकारी वाट आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयात मोफत होतं. आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि एपीएल कुटुंबाला खर्चाच्या ३० टक्के, दीड लाखाच्या मर्यादेत, मदत मिळते. बऱ्याच उपचारांना खासगी रुग्णालयात जाण्याआधी सरकारी रुग्णालयाचं शिफारसपत्र लागतं, म्हणून सुरुवात तालुका रुग्णालयातून किंवा बेळगावच्या बिम्समधून, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून, करा. बीपीएल कार्डावर योजनेतलं ऑपरेशन होताना वर रोख मागितली तर १४५५५ वर तक्रार करा. महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी जाहीर केली आहे. पण कार्ड आहे म्हणून गाडी करून निघू नका, त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, तुमच्या नावावर मंजुरी मिळते का हे आधी विचारून घ्या. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे बिलात इम्प्लांटचा आकडा वेगळा दाखवायला सांगा आणि स्टिकर जपून ठेवा.

गावात भरणाऱ्या मोफत तपासणी शिबिरांकडेही जरा डोळसपणे बघा. चांगली शिबिरं भरपूर होतात. पण शिबिरातच ऑपरेशनची तारीख आणि कर्जाचा फॉर्म एकदम पुढे आला, तर थांबा. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं डॉक्टरांना आचारसंहितेने बंद आहे. तुम्हाला घेऊन जाणारा माणूस जास्तच उत्साही असेल तर त्याचा खर्च कोण करतंय ते विचारा.

सीमेच्या अलीकडे राहून पलीकडे ऑपरेशन करणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब असतो. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटर, पण बेळगावहून ते शंभराच्या वर. साखळी क्लिनिकांत बेळगावला फक्त सल्ला आणि पैसे घेतात, ऑपरेशन पुण्याला किंवा बेंगळुरूला. नाहीतर सर्जन रविवारी येतो आणि संध्याकाळी परत जातो. मध्यरात्री सूज चढली, रक्त थांबेना, ताप आला, तर फोन कुणाला आणि कोणत्या रुग्णालयात जायचं? हे नाव आणि नंबर ऑपरेशनआधी कागदावर हवा. टाके काढायला, ड्रेसिंगला किती फेऱ्या आणि त्या पॅकेजमध्ये आहेत का? निकाल आला नाही तर दुरुस्तीचं ऑपरेशन कोणाच्या खर्चाने, आणि त्यात फक्त सर्जनची फी माफ की भूल, खोली, औषधंही? ‘लाइफटाइम गॅरंटी’ या शब्दाखाली बहुतेक वेळा फक्त सर्जनची फी असते.

कर्नाटकात प्रत्येक खासगी दवाखान्याची केपीएमई, म्हणजे खासगी वैद्यकीय संस्थांच्या, कायद्याखाली नोंदणी हवी, प्रमाणपत्र आणि दरपत्रक दिसेल असं लावलेलं हवं. तक्रारीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून तिथे जाता येतं. महाराष्ट्रात नोंदणी नर्सिंग होम कायद्याखाली असते. तिथे तक्रार महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्याकडे, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. पैशाच्या वादासाठी मात्र सीमा आड येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. ऑपरेशन कोल्हापूरला झालं तरी तक्रार बेळगावात चालते. मुदत दोन वर्षं, पाच लाखांपर्यंत फी नाही. कोल्हापूरचे कागद मराठीत असतील तर कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर सोबत जोडा.

संमतीपत्राबद्दल एवढंच : ते कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात मिसळून सही करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे की संमती त्याच शस्त्रक्रियेपुरती आणि पुरेशी माहिती दिल्यावरच घ्यायची. कन्नड किंवा इंग्रजी फॉर्म असेल तर डॉक्टरांकडून मराठीत समजून घ्या, आणि खरंच समजलं असेल तरच खाली तुमच्या हाताने तसं मराठीत लिहा. कोऱ्या जागा रेघ मारून बंद करा, फोटो काढून ठेवा.

आधीच सही झाली असेल तर घाबरून मँडेट बंद करू नका, त्याने कर्ज थांबत नाही, उलट थकबाकी सुरू होते. त्याच दिवशी कर्ज कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा : माघारीच्या मुदतीत कर्ज रद्द करायचं आहे, फेडायची रक्कम कळवा. त्याची प्रत क्लिनिकला, सोबत लेखी सूचना : ऑपरेशन करणार नाही, रक्कम कर्ज कंपनीला परत करा. ३० दिवसांत कंपनीचं उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार होते, माहितीसाठी १४४४८. क्लिनिकसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑपरेशन झालं असेल तर वैद्यकीय नोंदी लेखी मागा, डॉक्टरने त्या ७२ तासांत द्यायच्या असतात. नोंदी तीन वर्षंच ठेवायचं बंधन आहे, त्यामुळे उशीर नको.

तुमच्या बाबतीत आता करायचं काम असं. टोकन भरू नका. या आठवड्यात बिम्सच्या किंवा ट्रान्सप्लांट न विकणाऱ्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला फी देऊन डोकं दाखवा आणि विचारा की या वयात औषध आधी की ऑपरेशन. क्लिनिकला फोन न करता व्हॉट्सॲपवर लिहा, म्हणजे उत्तर लेखी राहतं :

‘ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक कळवावा. ग्राफ्टची संख्या, औषधं, तपासण्या, ड्रेसिंग आणि जीएसटी धरून एकूण रक्कम लेखी द्यावी. रोख आणि हप्ता, दोन्हींची किंमत वेगळी लिहावी. की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत द्यावं. कर्जाची रक्कम ऑपरेशनच्या दिवशीच क्लिनिकला मिळेल, आणि डॉक्टरांनी किंवा मी ऑपरेशन रद्द केलं तर ती किती दिवसांत कर्ज कंपनीला परत जाईल व तोवरचे हप्ते कोण भरेल, हे लेखी कळवावं. पीआरपी नको, त्याऐवजी ऑफरची तारीख चार महिने पुढे घ्यावी.’

उत्तर पूर्ण आलं, त्वचारोगतज्ज्ञानेही हो म्हटलं, तरी लगेच सही न करता आधी महिना १०,००० बाजूला टाकून बघा. सलग चार महिने जमलं तर हप्ता झेपेल असं धरा, आणि ते ४०,००० हातात असल्याने कर्जही तेवढं कमी लागेल. उत्तराऐवजी ‘सर, फोनवर बोलूया, ऑफर संपतेय’ एवढंच आलं, तर तो संदेश जपून ठेवा आणि दुसरं क्लिनिक बघा.